अप्पांना साजेसा टॅब

४ जानेवारी
डायरी एका सप्लायरने दिली. कोरी ठेवणं जिवावर येतं. शिवाय आजपासून ज्या कामाला हात घालतोय त्याची नीट नोंद राहायला हवी.

अप्पांना हॉस्पिटलमधून घरी आणून आज आठवडा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं जागेवर आहे, सगळं समजतं, असं डॉक्टर म्हणाले. तोंडातून एवढंच येतं: दोन वार. वडिलांनी एकतीस वर्षं भाजीच्या घाऊक बाजारात एक वार, दोन वार, तीन वार करत लिलाव पुकारले, त्यातलं तेवढंच तळाला राहिलं. पाणी हवं, दोन वार. पंखा बंद करा, दोन वार. काल बाथरूमला जायचं होतं तेव्हाही दोन वार. ते आम्हाला उशिरा कळलं.

संध्याकाळी स्पीच थेरपिस्ट बाई येऊन गेल्या. म्हणाल्या, हातात धरायचा छोटा कॉम्प्युटर घ्या, टॅब. त्यात चित्रं असतात, चित्रावर बोट ठेवलं की यंत्र बोलतं. कुठलाही चालेल, पण लवकर घ्या, पहिले तीन महिने फार मोलाचे असतात.

कुठलाही चालेल! बाईंना कल्पना नाही त्या कोणाशी बोलत होत्या. बावीस वर्षं खरेदी विभागात काढली मी. खिळे घ्यायचे तरी तीन कोटेशनं मागवतो.

संकल्प: महिनाअखेर अप्पांच्या गरजांना तंतोतंत साजेसा टॅब घरात.

७ जानेवारी
आधी गरजा, मग खरेदी. माप न घेता कोट शिवत नाहीत. रात्रीच्या जेवणाआधी बसून एकूण एक्केचाळीस गरजा काढल्या. स्क्रीन, वजन, बॅटरी, आवाज, पकड, पडल्यास काय, लाळ सांडल्यास काय. प्रत्येकीला गुण. ऑफिसात असा तक्ता केला असता तर साहेबांनी पाठ थोपटली असती.

बायकोला दाखवला. तिने विचारलं की यातलं अप्पांना काही विचारलं का. आता ते काय सांगणार? बोलता येत नाही म्हणून तर टॅब घ्यायचा.

१२ जानेवारी
घरात समांतर यंत्रणा सुरू झाली आहे. बायकोने बुटांच्या खोक्याचं झाकण कापून त्यावर जाहिरातींतली चित्रं चिकटवली. ग्लास, पंखा, उशी, दिवा, कमोड. अप्पा तीन दिवस त्यावर बोट ठेवताहेत. काल पंख्यावर बोट ठेवलं, हिने उठून पंखा बंद केला, तर अर्ध्या तोंडाने हसले. हीसुद्धा हसली. जणू काही शोध लागला.

हे थांबवणं भाग होतं. एकदा पुठ्ठ्यावर जोर द्यायची सवय लागली की टच स्क्रीनचा हलका स्पर्श जमायचा नाही. पुठ्ठा पिशवीत घालून ऑफिसच्या कपाटात नेऊन ठेवला. नेताना अप्पा दोन वार, दोन वार करत होते. मी पलंगाजवळ बसून समजावलं, अप्पा, याच्या शंभर पटीने चांगलं येतंय, जरा कळ काढा. पटलं त्यांना. भिंतीकडे तोंड करून शांत पडले.

ही संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही. न बोलणं म्हणजे संमतीच.

१९ जानेवारी
आज प्रत्यक्ष चाचणी. सुताराकडून प्लायवुडचे तीन तुकडे कापून आणले. सात इंची, आठ इंची, दहा इंची. टॅबचं वजन यावं म्हणून मागे शिसं चिकटवलं. प्रत्येक तुकडा अप्पांनी डाव्या हातात वीस मिनिटं धरायचा, मी घड्याळ लावून समोर.

सात इंची: चार मिनिटांत खाली ठेवला. आठ इंची: फेकला. माझ्या नडगीला लागला, टेंगूळ आलं आहे. दहा इंची: हातात द्यायला गेलो तर डोळे मिटून घेतले, म्हणून मांडीवर ठेवला. तिथे वीस मिनिटं विनातक्रार राहिला.

निष्कर्ष स्पष्ट आहे. दहा इंची.

२७ जानेवारी
ऑफिसात अकाउंट्समध्ये एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना गिगाबाइट म्हणतात. मोबाइल, कॉम्प्युटर, काहीही विचारा. त्यांना तक्ता दाखवला. थक्क झाले. पण म्हणाले, आत्ता घेऊ नका, सहा आठवड्यांत नवीन मॉडेल येतंय, आत्ता घेतलेला टॅब म्हणजे मढं घरात आणणं.

वेळेवर भेटले. नाहीतर फसलोच असतो.

सुधारित संकल्प: मार्चचा दुसरा आठवडा. थोडा उशीर, पण बाप एकच असतो.

३ फेब्रुवारी
थेरपिस्ट बाई आल्या. आल्याआल्या विचारलं, टॅब कुठे आहे. मी तक्ता पुढे केला. एक्केचाळीस ओळी, नऊ मॉडेलं. बाईंनी तो मिटून बाजूला ठेवला. मग विचारलं, घरात एखादा जुना मोबाइल असेल का, तोही चालेल, आज इथेच सुरू करू. मी नम्रपणे सांगितलं की आमच्या विभागात जुन्या मालाला प्रवेश नाही.

जाताना दारात हिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. माझ्या चिकाटीबद्दलच असणार.

९ फेब्रुवारी
अप्पांची बोलण्याची तळमळ वाढली आहे. दिवसातून दहादा डावा हात उचलून डाव्या गालापाशी नेतात, तोंडाकडे बोट करतात, आणि दोन वार, दोन वार. डोळ्यांत पाणी. बघवत नाही. माणसाला वाणीची किंमत वाणी गेल्यावर कळते.

मी हात हातात घेऊन सांगितलं, कळतंय अप्पा, बोलायचंय ना, दहा इंची येतोय. त्यांनी हात सोडवून घेतला आणि पुन्हा गाल दाखवला. केवढी ही जिद्द!

हिचं म्हणणं, जेवण अर्ध्यावर टाकतात, दुधात भिजवलेलं बिस्किटही नको म्हणतात, डॉक्टरांना दाखवूया. पुढच्या महिन्यात तपासणी आहेच. उगाच मध्ये नेलं तर मार्चच्या वेळापत्रकात गोंधळ होईल.

१६ फेब्रुवारी
एक गंभीर बाब लक्षात आली. या चित्रांच्या अ‍ॅपमधला आवाज बाईचा आहे, तोही किनरा. ज्या माणसाने पुकारा केला की बाजाराच्या दुसऱ्या टोकाची कबुतरं उडायची, त्याच्या तोंडी हा आवाज? अप्पांच्या इभ्रतीचा प्रश्न आहे.

तोडगा मीच काढला. अप्पांना लागतील अशी दोनशे वाक्यं माझ्या आवाजात रेकॉर्ड करायची. रक्त एकच, आवाज जुळतोच. आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत स्टोअररूममध्ये बसून पहिली तीस केली. औषध दे बाळा. तू जेवलास का? आज थकलेला दिसतोस. तुझं म्हणणं बरोबर आहे. मी उगाच तुझ्यावर ओरडायचो. तू आहेस म्हणून निभावलं.

हे शेवटचं नीट उतरेना, मधेच नाक पुसावं लागायचं. तीनदा करावं लागलं.

२४ फेब्रुवारी
दोनशे वाक्यं पूर्ण. मोबाइलवरून अप्पांना ऐकवली, पसंती हवी म्हणून. सुरुवातीला टक लावून माझ्याकडे बघत होते. विसाव्या वाक्याच्या आसपास उशी डोक्यावर ओढून घेतली. भावना अनावर झाल्या.

उरलेली एकशे ऐंशी उशीजवळ मोबाइल ठेवून ऐकवली.

५ मार्च
दुकानात. ही आठवी फेरी. दुकानातल्या बाई मला बघून आत निघून गेल्या, मग मालक बाहेर आले. मी म्हटलं, फक्त दोन चाचण्या उरल्यात. एक, कमरेच्या उंचीवरून टॅब पाडून बघायचा. ते नाही म्हणाले. दुसरी, लाळ. त्यासाठी घरून औषधाच्या रिकाम्या बाटलीत अप्पांची थोडी लाळ नेली होती. बाटली काउंटरवर ठेवून काय आहे ते सांगितलं, तर दोन गिऱ्हाइकं दाराकडे सरकली.

मालकांनी हात जोडले. म्हणाले, साहेब, घ्यायचा तर घ्या, नाहीतर दुसरं दुकान बघा, माझी गिऱ्हाइकं पळतायत. गिऱ्हाईक जाणकार असलं की दुकानदाराला घाम फुटतो, हा बावीस वर्षांचा अनुभव.

१३ मार्च
नवीन मॉडेल आलं! गिगाबाइटना विचारलं. ते म्हणाले, पहिल्या लॉटमध्ये हात घालू नका, दोष असतात, एप्रिलपर्यंत लोकांना मरू द्या.

अप्पांना दोन दिवस बारीक ताप. वजन काट्यावर बघितलं, साडेचार किलोंनी घटलं आहे. हे मी धरलंच नव्हतं. एवढ्या वजनाच्या माणसाला दहा इंची जड होणार. गरज क्रमांक सहा बदलली, त्यामुळे सगळ्या मॉडेलांचे गुण बदलले. रविवार पूर्ण त्यात जाणार.

थेरपिस्ट बाईंचा फोन. तीन महिने सरत आलेत म्हणाल्या. कॅलेंडर माझ्याकडेही आहे. बाई प्रेमळ आहेत, पण खरेदीचं शिक्षण नाही.

डॉक्टरांची तपासणी ताप उतरल्यावर करू असं ठरवलं. मी ठरवलं.

२० मार्च
धाकटी आली. कळवलं नाही, विचारलं नाही, सकाळच्या बसने थेट दारात. हिने फोन करून बोलावलं म्हणे. माझ्या पाठीमागे.

माझी ही बहीण दुसऱ्या गावी शिवणाचे क्लास चालवते. लहानपणापासून घिसाडघाईची. चपला काढल्या न काढल्या तोच अप्पांच्या पलंगापाशी. अप्पांनी तिला बघून डावा हात गालाला लावला. दोन वार. मी तिला समजावून सांगू लागलो की ही बोलण्याची तळमळ आहे, तर तिने माझ्याकडे न बघता मोबाइलचा टॉर्च लावला, अप्पांचं तोंड उघडलं आणि आत बोट घातलं. अप्पा जे ओरडले ते दोन वार नव्हतं. तो शब्दच नव्हता.

दुपारी दातांच्या डॉक्टरांकडे. खालच्या डाव्या दाढेखाली पू. महिना, दीड महिना तरी असणार, ते म्हणाले. एवढ्या दिवसांत यांनी काहीच सांगितलं नाही का, असंही विचारलं. मी म्हटलं, डॉक्टर, यांची वाचा गेली आहे. डॉक्टर म्हणाले, हात तर आहे ना.

धाकटी आणि ही खिडकीतून बाहेर बघत होत्या. दाढ काढली.

घरी येऊन तक्ता तपासला. दोनशे वाक्यांत दात, दाढ, हिरडी यांपैकी काहीच नव्हतं. एवढ्या मोठ्या कामात एखादी नोंद सुटते. गरज क्रमांक बेचाळीस: दात.

२२ मार्च
आज कडेलोट झाला. धाकटीने तिच्या बॅगेतून एक टॅब काढला. तिचाच, जुना. क्लासातल्या बायकांना ब्लाउजची डिझाइनं दाखवायची तो. एक कोपरा तडकलेला. आठ इंची! चाचणीत नापास झालेला आकार! तिने थेरपिस्ट बाईंना फोन लावला, त्या सांगत गेल्या, धाकटी करत गेली. चहा गार व्हायच्या आत अ‍ॅप चालू. सुरुवातीला सहाच चित्रं.

मी हरकती नोंदवल्या. कोपऱ्याने बोट कापेल. ब्राइटनेस कमी. बॅटरी जुनी. कोणी ऐकलं नाही.

अप्पा बराच वेळ बघत बसले. मग बोट उचललं. दाताच्या चित्रावर ठेवलं. यंत्र म्हणालं, दात. मग दुखतंय. मग शोधून शोधून, नाही. किनऱ्या बायकी आवाजात अप्पा म्हणाले: दात. दुखतंय. नाही. पुन्हा तेच, मग पुन्हा. एका दमात बारा वेळा. आणि हसत होते. ही रडायला लागली, धाकटी रडायला लागली.

मी व्याकरणाकडे लक्ष वेधलं. नाही शेवटी आल्याने अर्थ धूसर होतो.

२५ मार्च
धाकटीने घरच्यांचे फोटो टाकले. माझ्या फोटोखाली मोठा असं नाव, अप्पा मला तसंच म्हणत. अप्पांनी आज माझ्या फोटोवर बोट ठेवलं. यंत्र म्हणालं, मोठा. मला भरून आलं. मग त्यांनी पंख्याशेजारचं चित्र दाबलं. यंत्र म्हणालं, बंद करा.

मी तेव्हा नवीन तक्ता वाचून दाखवत होतो. साहजिकच चित्रं जवळजवळ असल्याने बोट सरकलं. आठ इंचीचा धोका मी सांगतच होतो. त्यांनी पुन्हा दाबलं. मोठा. बंद करा. एकूण चार वेळा. चारही वेळा चूक एकाच जागी, म्हणजे स्क्रीनमध्ये पक्का दोष आहे. तशी नोंद केली. स्वयंपाकघरात दोघी कशाला तरी खुसुखुसू हसत होत्या.

२९ मार्च
सकाळी चहाला सगळे असताना अप्पांनी दाबलं: धाकटी. घर. जायचं.

धाकटीने विचारलं, अप्पा, चार दिवसांसाठी का? नाही. कायमचं? हो. तिने तीनदा विचारलं, तीनदा हो. मी म्हटलं, तीन उत्तरांवर एवढा मोठा निर्णय घेत नसतात, निदान पंधरवडाभर नोंद ठेवू. थोरला मुलगा मी, लोक काय म्हणतील. अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचं चित्र दाबलं. मी पाणी आणायला आत गेलो.

परत आलो तर ही त्यांचे शर्ट बॅगेत भरत होती. मी येण्याआधीपासून घड्या घालून तयार असावेत. पाणी कोणी प्यायलं नाही.

३० मार्च
गेले. टॅक्सीत बसवताना मी सांगितलं, अप्पा, माझं काम थांबलेलं नाही. धाकटी म्हणाली, दादा, दार लावू दे.

पलंग मोकळा. त्यावर तक्ता पसरायला छान जागा झाली.

१४ एप्रिल
अखेर! शंभरपैकी साडेएक्याण्णव गुण. दुसऱ्या लॉटमधला, दहा इंची, हलका, पाण्याला दाद न देणारा. स्क्रीन अशी की माशीचे पाय मोजावेत. दुकानाच्या मालकांनी स्वतः गाडीपर्यंत आणून दिला आणि परत यायची गरज पडणार नाही अशी शुभेच्छा दिली. दोनशे वाक्यं घातली, दाढेची सात वाक्यं वेगळी.

धाकटीला फोन केला. ती म्हणाली, अप्पांना जुन्याची सवय झाली आहे, आता पाच-सहा शब्दांची वाक्यं करतात, शेजारच्या आजोबांशी भांडतातसुद्धा. नवीन नको म्हणाली. त्यांना विचारलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्यांनीच सांगितलं.

यंत्र न बघता नापसंती. अप्पा पहिल्यापासून हट्टी.

१९ एप्रिल
नवीन टॅबवरून अप्पांना व्हिडिओ कॉल केला. तीन आठवड्यांत प्रथमच. गालावर मांस चढलं आहे. पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी. मांडीवर तो फुटका टॅब.

आधी ही बोलली. पाऊण तास. मी शेजारच्या खोलीत वाट बघत होतो. अप्पांचा तो किनरा आवाज सारखा येत होता, हिच्या गुडघेदुखीची चौकशी, काय खाल्लं, शेजारचे आजोबा पत्त्यांत चोरी करतात. ही खो खो हसत होती. असं हसताना मी तिला फार वर्षांनी ऐकलं.

मग माझी पाळी. मी म्हटलं, अप्पा, मी मोठा. त्यांनी बोट फिरवलं, एक चित्र शोधलं. यंत्र म्हणालं, झोप येते.

सकाळचे अकरा वाजले होते.

मी म्हटलं, झोपा झोपा, मी नुसता बघत बसतो. त्यांनी डोळे मिटले. मी बसून राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी एक डोळा बारीक उघडून मी गेलो का ते बघितलं. मी होतो. त्यांनी पुन्हा मिटला. दहा इंचीवर हे अगदी स्वच्छ दिसतं.